बाहेरचे दिवस आणि मोटारीचं पाणी

मोटारीचं बॉनेट मी पहिल्यांदा उघडलं ते बाहेरची असताना. हे मुद्दाम आधीच सांगते. पुढं आमच्या घरात जे काही झालं ते सगळं ह्या एका गोष्टीवरून झालं, आणि ती गोष्ट झाकून ठेव असं मला तेव्हा घरच्यांनीच सांगितलं होतं. तेव्हा झाकली नाही, आता तर झाकायचं काही कारणच उरलं नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही उमरग्यात राहत होतो, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून. घर भाड्याचं. पुढच्या दोन खोल्यांत माझ्या नवऱ्याचा दवाखाना, मागं आमचं राहणं, आणि बाजूला पत्र्याची शेड. नवऱ्याला मी घरात ‘अहो’ म्हणायचे आणि बाहेर ‘डॉक्टर’. इथंही डॉक्टरच म्हणते. त्यांचं घराणं तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. सासरे गेलेले. थोरले दीर तुळजापुरात देवीची सेवा बघायचे, आणि धाकटे हे हैदराबादला शिकून डॉक्टर झालेले. सासूबाई आमच्याकडं राहायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

माझं माहेर तामलवाडीचं. वडील शेती करायचे. विहिरीवर त्यांनी तेलाचं इंजिन बसवलं होतं, आणि इंजिन तापू नये म्हणून त्याच्या वरच्या हौदात पाणी ओतायचं काम लहानपणी माझ्याकडं होतं. हौद कोरडा पडला की वडील लांबूनच आवाजावरनं ओळखायचे आणि शेताच्या बांधावरून हाक मारायचे. त्यामुळं लोखंडालाही तहान लागते हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

उमरग्याच्या आजूबाजूच्या खेड्यांतून डॉक्टरांना बोलावणी यायची. बैलगाडीनं पोचेपर्यंत कधी बाळ होऊन गेलेलं असायचं, कधी माणूस. म्हणून त्यांनी सोलापुरातून एक जुनी काळी मोटार घेतली. बाजूला पाय ठेवायच्या फळ्या, पुढं भलामोठा जाळीदार रेडिएटर, आणि आत बसलं की तापल्या चामड्याचा वास. सासूबाईंनी तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मोटार शेडमध्ये लागली तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “मग हिनं बसायचं कुठं?”

कारण ती शेड माझी होती. आमच्या घरात बाहेरचं पाळणं फार कडक. महिन्याचे तीन दिवस मी त्या शेडच्या कोपऱ्यात, गोणपाटावर. ताट लांबून सरकवलं जायचं. पाणी सासूबाई उंचावरून माझ्या बादलीत ओतायच्या, धार मध्ये तुटू न देता आणि बादलीला स्वतःचं भांडं न लावता. चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात. शेडला पुढून दार नव्हतं. सडकेवरून जाणारा येणारा, समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला, प्रत्येकाला मी दिसायचे. डॉक्टरीणबाई बाहेरच्या आहेत हे दर महिन्याला अख्ख्या गल्लीला कळायचं. त्याची लाज कुणाला वाटायची नाही. मला वाटायची, पण मला कोण विचारणार?

डॉक्टर म्हणाले, “राहतील दोघी. जागा पुष्कळ आहे.” आणि दवाखान्यात निघून गेले.

अशी मी आणि मोटार एका पत्र्याखाली आलो.

मोटारीसाठी एक ड्रायव्हर ठेवला होता. वयस्क माणूस, पूर्वी कुणा जहागीरदाराची गाडी चालवलेला. तो रोज सकाळी यायचा, बॉनेट उघडायचा, एक लांब पट्टी बाहेर ओढायचा, फडक्यानं पुसायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ओढायचा आणि उजेडाकडं धरून बघायचा. पहिल्या महिन्यात मी भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या महिन्यात मला कंटाळा आला. तीन दिवस माणसानं भिंत बघायची म्हणजे किती बघायची? मी विचारलं, “ती पट्टी कशाची?”

तो दचकला. मग मोटारीकडंच बघत म्हणाला, “तेलाची, बाईसाब. दोन खुणा असत्यात हिच्यावर. तेल दोन्हीच्या मधी पायजे. कमी झालं तर इंजिन सोताला खातंय. जास्ती झालं तरी खराबी.”

“मग दोनदा का ओढता?”

“पहिल्यांदा तेल उडून वर लागलेलं असतंय. ते खोटं. पुसून परत घातली की खरं दिसतंय.”

मला ते आवडलं. त्यानंतर मी रोज काही ना काही विचारायचे आणि तो मोटारीला सांगितल्यासारखं मला सांगायचा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बॅटरीच्या बुचांखाली शिशाच्या पट्ट्या दिसतात, पाणी त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढं पाहिजे, आणि तिथं विहिरीचं पाणी चालत नाही, दवाखान्यातलं शुद्ध पाणीच लागतं. ब्रेकच्या तेलाचं झाकण ड्रायव्हरच्या पायाखाली, सतरंजी उचलून बघायचं, आणि उघडण्याआधी भोवतालची धूळ आधी पुसायची, नाही तर ती आत पडते. मी बघत होते. हात लावत नव्हते. हात लावायचं तेव्हा मनातही नव्हतं.

पुढं त्या ड्रायव्हरला सरकारी गाडीवर नोकरी लागली आणि तो सोडून गेला. डॉक्टर स्वतः चालवायला शिकलेच होते. ते म्हणाले, “आता ड्रायव्हरची गरज काय?” चालवणं त्यांना छान जमायचं. पण बॉनेट उघडायचं त्यांना सुचायचं नाही. माणसाची नाडी ते बोट टेकताच सांगायचे. मोटार मात्र चावी फिरवली की चालली पाहिजे, एवढीच त्यांची तिच्याकडून अपेक्षा. मी एकदोनदा म्हटलं, “पाणी बघितलं का?” तर म्हणायचे, “बघतो,” आणि पिशवी घेऊन निघायचे.

त्या उन्हाळ्यात ते जळकोटला एका रोग्याकडं गेले होते. परत येताना भर दुपारी सडकेवर पुढून वाफ यायला लागली. त्यांनी मोटार थांबवली, उतरले, आणि हातरुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी फवाऱ्यासारखं वर आलं. नशीब, तोंड बाजूला होतं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

एका ट्रकवाल्यानं त्यांना घरी आणलं. त्याच्याबरोबरच्या माणसानं कुठल्याशा डबक्यातलं पाणी भरून मोटारही मागोमाग आणून शेडमध्ये लावली. डॉक्टरांनी डाव्या हातानं स्वतःच्या हाताला मलम लावलं, मी पट्टी बांधली. सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, “आता थोडे दिवस रोगी मरोत की जगोत.” त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता मी. दुखत होतं म्हणून नव्हे. बोलावणं आलं तर जाता येणार नाही, हे त्यांना लागलं होतं.

मी तेव्हाच ठरवलं. कुणाला विचारलं नाही.

दोन दिवसांनी माझी पाळी आली आणि मी शेडमध्ये आले. सकाळी पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. ते माझ्या अपेक्षेपेक्षा जड होतं. रेडिएटरचं झाकण काढलं. आत चहासारखं पाणी, वर काडीकचरा तरंगणारा. खालची तोटी सोडायची असते हे मला माहीत होतं, पण ती गंजून बसलेली. दगडानं हलकेच ठोकत बसले. ती सुटली तशी तांबडं पाणी भळाभळा वाहायला लागलं आणि शेडच्या बाहेर ओघळ गेला. समोरच्या टपरीवरचे दोघंतिघं उठून बघायला लागले. मी त्यांच्याकडं पाठ केली नाही.

मग प्रश्न आला पाण्याचा. घरातल्या हंड्याला मला हात लावता येत नव्हता. माझ्याजवळ होती ती माझ्या अंघोळीची बादली, सासूबाईंनी नुकतीच उंचावरून भरलेली. मी लुगड्याच्या जुन्या तुकड्यातून ते पाणी गाळलं आणि तांब्यानं रेडिएटरमध्ये ओतायला लागले.

आवाज ऐकून सासूबाई मागच्या दारात आल्या.

“काय करायलीस तिथं?”

“पाणी बदलायलेय.”

“कुणाचं?”

“मोटारीचं.”

“हात लावलास तू तिला?”

मी हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत काळे झाले होते.

त्यांनी माझ्या हातांवरून नजर मोटारीवर नेली. मग म्हणाल्या, “अगं, दसऱ्याला झेंडू घातलाय मी त्या मोटारीला. कुंकू लावलंय.”

“व्हय, आत्याबाई. कुंकू अजून हाय. त्याच्याखाली गाळ साचला होता, तो काढला.”

“तुला काही रीत? ह्यात माझा लेक बसतोय. रोगी बसत्यात.”

“तुमच्या लेकाचा हात ह्याच पाण्यानं भाजलाय. पुन्हा भाजू नये म्हणून करायलेय.”

“चौथ्या दिवशी करायचं मग.”

“आणि उद्या बोलावणं आलं तर? मोटारीला सांगू का, चौथ्या दिवसापर्यंत थांब म्हणून?”

त्या आत गेल्या. मला वाटलं डॉक्टरांना घेऊन येतील. त्या आल्या त्या गोमूत्राची वाटी घेऊन. मी बाजूला झाले. त्यांनी बॉनेटवर, चाकांवर, सीटवर शिंतोडे उडवले. बॅटरीकडं वळल्या तसं मी म्हणाले, “तिथं नको. त्यात दवाखान्यातलं पाणी लागतंय.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परकी भाषा बोलले. पण बॅटरीवर शिंतोडा टाकला नाही.

अंघोळीला दुसरी बादली मात्र त्यांनी दिली नाही. “अंघोळीचं पाणी अंघोळीला असतंय,” म्हणाल्या. मी तशीच राहिले. तेलकट हात मातीनं घासले आणि कोरडे पुसले.

डॉक्टरांचा हात बरा झाला. मोटार पुन्हा चालू झाली, आणि रोज सकाळी तिला बघायचं काम माझं झालं. बाकीच्या दिवसांत सासूबाई काही बोलत नसत. ते तीन दिवस आले की घरात ताण यायचा. त्या शिंतोडे उडवायच्या आणि दिवसभर मुकाट राहायच्या. एके दिवशी डॉक्टर शेडमध्ये आले, माझ्यापासून रिवाजाप्रमाणं अंतर ठेवून उभे राहिले, आणि हळू आवाजात म्हणाले, “तू करतेस ते बरोबरच आहे. मला काही हरकत नाही. फक्त त्या तीन दिवसांत जरा... आई देवपूजेला बसली की करत जा. पुढचा पडदा सोडून घे. कुणाला कळायची गरज काय?”

शेडला पुढून एक जाड ताडपत्री होती, पावसासाठी. ती ते सोडायला सांगत होते.

मी म्हणाले, “ही ताडपत्री मी इथं बसते तेव्हा कधी सोडली होती का?”

त्यांनी वर गुंडाळलेल्या ताडपत्रीकडं बघितलं.

“दर महिन्याला सगळी सडक मला बघते. उमरग्याचा कुठलाही माणूस सांगेल, डॉक्टरीणबाई आज बाहेरच्या आहेत. ते दिसलेलं तुम्हाला चालतं. आणि मी मोटारीत पाणी घालते तेवढंच झाकायचं? मी चोरी करते का?”

“तसं म्हटलं का मी?”

“मग उजेडात करीन. ताडपत्रीच्या आत बॅटरीतलं पाणी दिसतही नाही.”

ते थोडं हसले. पण मी हसले नाही, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्या बाजूनं आईशी भांडलेही नाहीत. ते तसे होते. त्यांचा हा स्वभाव मला फार वर्षं खुपत राहिला.

नवरात्राच्या तोंडावर थोरले दीर उमरग्याला आले. सासूबाईंना तुळजापूरला न्यायचं होतं, आणि डॉक्टरांनी मोटारीनं दोघांना पोचवावं असं ठरलं होतं. सकाळी अंघोळ-पूजा करून, नवं धोतर नेसून दीर शेडसमोर आले तेव्हा मी पायाखालची सतरंजी उचलून ब्रेकचं तेल बघत होते. माझं गोणपाट कोपऱ्यात अंथरलेलंच होतं. त्यांना एका नजरेत सगळं समजलं.

थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नसत. आमच्याकडं तशी रीत होती. माझ्यासाठीचं बोलणं ते आईला सांगायचे. आताही ते वळून सासूबाईंना म्हणाले, “आई, तिला विचार, आज कितवा दिवस हाय.”

सासूबाईंनी मान खाली घातली. मी मोटारीतून बाहेर आले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, “दुसरा, भाऊजी.”

ते भिंतीकडं बघत म्हणाले, “आई, तिला सांग, मी तिच्याशी बोलत न्हाई.”

“पण विचारलंत माझ्याबद्दल. उत्तर दुसरं कोण देणार?”

आजवर मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. बोलल्यावर काही पडलं नाही, मोडलं नाही. माझा आवाज बरोबर निघत होता.

“आई,” दीर म्हणाले, “ह्या मोटारीत बसून मी देवीपुढं कसा उभा राहू, ते विचार तिला.”

“तुळजापुरात उतरून अंघोळ करता ना, भाऊजी? तसंच. एसटीनं गेलात तरी अंघोळ करूनच आत जाता. शेजारच्या बाकावरच्या बाईला तुम्ही दिवस विचारत नसाल.”

आता डॉक्टर दवाखान्यातून बाहेर आले होते. दीर त्यांच्याकडं वळले. “ऐकलंस? मी सांगतो तुला. एक तर ड्रायव्हर ठेव, न्हाई तर ही मोटार वीक. सुनेच्या असल्या हातची मोटार आपल्या घराण्यात चालायची न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, “दादा, मोटार माझ्या दवाखान्यात चालते. घराण्यात कशाला चालवायची?”

एवढंच ते बोलले. पण बोलले. मला ते पुरेसं नव्हतं, तरी मी ते लक्षात ठेवलं आहे.

दीर म्हणाले, “आई, चल. एसटीनं जाऊ.”

सासूबाईंनी एकदा डॉक्टरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग गाठोडं उचललं आणि थोरल्या लेकाच्या मागं चालायला लागल्या. मी अडवलं नाही. माफीही मागितली नाही. ते दोघं उन्हातून स्टँडकडं जाताना दिसत होते आणि मी सतरंजी परत बसवून, मोटारीचं दार लावून, माझ्या गोणपाटावर येऊन बसले. टपरीवरचा एकजण दुसऱ्याला काहीतरी सांगत होता, तो सांगता सांगता थांबला, कारण मी सरळ त्याच्याकडं बघत होते.

नवरात्र संपून सासूबाई परत आल्या. तुळजापुरात बायकांनी त्यांना खूप बोलून घेतलं असावं. त्यांनी मला सांगितलं नाही, पण आल्यावर त्यांचं शिंतोडे उडवणं वाढलं. पूर्वी वाटी असायची, आता तांब्या.

हिवाळा गेला. पुन्हा उन्हाळा लागला तेव्हा एके सकाळी एक ट्रक दवाखान्यापुढं थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “जळकोटहून निरोप हाय. म्हातारीच्या बहिणीला लकवा मारलाय. बोलंना झालीय.”

सासूबाईंची ही धाकटी बहीण. दोघींत वयाचं अंतर पुष्कळ, त्यामुळं ती त्यांना लेकीसारखी. सासूबाईंनी निरोप ऐकला आणि हातातलं तसंच टाकून पिशवी भरायला घेतली. डॉक्टरांनी औषधांची पेटी उचलली.

मी शेडमध्येच होते. बाहेरची. पहिलाच दिवस.

डॉक्टर म्हणाले, “चल आई, बस. वेळ घालवू नको.”

मी म्हणाले, “अजून बघितलं नाही मी. थोडं थांबा.”

“काल बघितलंस ना? चालेल.”

“काल तुम्ही दूर जाऊन आलात त्यानंतर बघितलं नाही.”

“अगं, तिकडं मावशी...” ते चिडले होते. मोटारीच्या दाराच्या हँडलवर त्यांचा हात होता.

सासूबाई मोटारीच्या दाराशी उभ्या होत्या. पिशवी छातीशी धरलेली. त्या म्हणाल्या, “थांब. बघू दे तिला.”

डॉक्टर मागं सरकले. मी बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी दोनदा ओढून बघितली, तेल ठीक होतं. रेडिएटर थोडा कमी, तो भरला. बॅटरी बरोबर. मग आत शिरून सतरंजी उचलली, झाकणाभोवतीची धूळ पुसली आणि उघडलं. ब्रेकचं तेल बरंच खाली गेलं होतं. मी डब्यातून तेल घातलं, पायानं ब्रेक दाबून दाबून बघितला, चाकांच्या आतल्या बाजू हात फिरवून पाहिल्या. ओलं कुठं नव्हतं. पुन्हा तेल बघितलं, जिथल्या तिथं होतं.

“ब्रेकचं तेल कमी होतं,” मी डॉक्टरांना म्हणाले. “आता भरलंय. गळत तर दिसत नाही. तरी सावकाश न्या, आणि पोचलात की पुन्हा बघा. स्वतः बघा.”

ह्या वेळी ते ‘बघतो’ म्हणून निघाले नाहीत. “कसं बघू?” विचारलं. मी दाखवलं.

तोवर सासूबाई पुढं होऊन आत बसल्या होत्या, मी नुकती उठले होते त्याच सीटच्या शेजारी. गोमूत्राचा तांब्या त्यांनी आणला नव्हता. विसरल्या की ठरवून आणला नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मोटार निघून गेली.

त्या जळकोटला बरेच दिवस राहिल्या. बहीण जगली. वाचा पूर्ण आली नाही, पण माणसं ओळखायला लागली. सासूबाई परत आल्या तेव्हा वाळल्या होत्या, आणि माझ्याशी नेहमीसारखं, म्हणजे कामापुरतं, बोलत होत्या. त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी केला नाही. मला वाटलं, आता त्यांचं मन बदललं असेल. मी मूर्ख होते. पुढच्या खेपेला पाळी आली तशी त्यांनी नेहमीसारखं गोणपाट काढून शेडच्या तोंडाशी ठेवलं.

मी ते उचललं नाही.

मी माझ्या खोलीत गेले आणि माझ्या पलंगावर बसले.

थोड्या वेळानं त्या खोलीच्या दाराशी आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. “ऊठ,” म्हणाल्या. “तुझी जागा तिकडं हाय.”

“तिकडं मोटारीची जागा हाय, आत्याबाई. माझी इथं.”

“मी त्या दिवशी मोटारीत बसले म्हणून तुला चेव आला का? मी बसले ती माझ्या बहिणीसाठी. रिवाज मोडायला न्हाई.”

“मला ठाऊक हाय. तुम्ही मोडला न्हाई. मी मोडायलेय, माझ्यासाठी.”

“देवघर एका भिंतीपलीकडं हाय.”

“देवघरात येत न्हाई मी. स्वयंपाकघरातही येणार न्हाई, तुमची मर्जी नसेल तर. पण सडकेवर बसणार न्हाई. बाहेर बसलेल्या बाईनं बघितलेली मोटार तुमच्या जिवाला चालली. मग त्याच बाईनं घरात पलंगावर बसलेलं तुमच्या घराला चालायला पाहिजे.”

“आणि न चाललं तर?”

“तर तुम्ही मला उचलून न्यायला पाहिजे. आणि त्यासाठी मला शिवावं लागेल.”

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्या बराच वेळ दारात उभ्या होत्या. मला वाटलं रडतील, पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मीही नव्हते.

डॉक्टर दुपारी जेवायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मी खोलीतून ऐकत होते. ते बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, “आई, मी दवाखान्यात बायांना ह्याच दिवसांत तपासतो आणि तेच हात धुवून तुझ्या ताटावर बसतो. आजवर मी तुला हे सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.” स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

पुढं कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग भांडायला लागल्या, आणि भांडण म्हणजे बोलणंच. महिन्याचे ते तीन दिवस स्वयंपाक त्याच करायच्या आणि चुलीच्या अलीकडं मला पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. हे त्या गेल्या तोपर्यंत चाललं. त्यांनी आपली हद्द सोडली नाही, मीही माझी सोडली नाही. आम्ही मोटार विकेपर्यंत थोरले दीर कधी तिच्यात बसले नाहीत. दर खेपेला एसटीनं आले, एसटीनं गेले. शब्दाचे पक्के माणूस होते. तेवढा मान मी त्यांना देते.

मी पलंगावर राहिले त्या पहिल्या खेपेची दुसरी सकाळ मला स्पष्ट आठवते. डॉक्टरांना जायचं होतं. मी पलंगावरून उठले, पदर खोचला, हातात तेलाचं फडकं घेतलं. शेडकडं जायला मागचं दार जवळ होतं, आणि नेहमी मी तिथूनच जायचे. सासूबाई तुळशीला पाणी घालून परत येत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि अंग चोरून भिंतीला टेकल्या, माझा पदर लागू नये म्हणून. मी त्यांना वाट दिली. मग वळले, माजघरातून दवाखान्याच्या खोलीत आले, बाकावर बसलेल्या रोग्यांसमोरून चालत गेले आणि पुढच्या दारानं सडकेवर बाहेर पडले.